लहानपणची पेटी बोटांत कशी मुरते?

सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, नातवंडांना हाक मारताना नावांची अदलाबदल होते, पण पेटी पुढ्यात आली की आजोबा काकड्याचा अभंग एकही सूर न चुकता वाजवतात. हे कसं काय? महाड-पोलादपूरकडच्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: मुलीला कितव्या वर्षी पेटीला बसवावं? तिसरा प्रश्न मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेल्या माणसाचा असतो आणि तो जरा दबक्या आवाजात विचारला जातो. सातवी-आठवीपर्यंत वाजवत होतो, मग सुटलं, आता साठीत पुन्हा जमेल का?

लहानपणी शिकलेलं वाद्य आयुष्यभर कसं टिकतं, यावर जगात भरपूर संशोधन झालं आहे. ते बहुतेक पियानो वाजवणाऱ्यांवर झालं आहे. इथल्या सावित्री नदीच्या खोऱ्यात पियानो असलेलं घर शोधावं लागेल. पेटी, म्हणजे हार्मोनियम, मात्र गावोगावच्या देवळात आहे. म्हणून आधी या दोन वाद्यांचं नातं पाहू.

1. पट्ट्या त्याच, आवाज वेगळा

पियानोची पट्टी दाबली की आत एक हातोडी तारेवर पडते. पेटीची पट्टी दाबली की एक झडप उघडते, भात्यातली हवा पितळी पातीवरून जाते आणि पाती थरथरते. पियानोचा सूर उमटताक्षणी विरायला लागतो. पेटीचा सूर हवा आहे तोवर टिकतो. गायकाच्या लांबलेल्या स्वराखाली पेटी इतकी शोभते ती त्यामुळेच.

पट्ट्यांची मांडणी मात्र दोन्हींत हुबेहूब सारखी असते. एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ याने 1842 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याने पियानोचीच पट्टी घेतली होती. ते वाद्य पायाने भाता मारून वाजवायचं असे. खुर्चीवर बसून गाण्याची आपली रीत नाही. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1880च्या दशकात भाता मागच्या बाजूला आणून तो हाताने चालवता येईल अशी सोय केली, आणि पेटी मांडी घालून बसणाऱ्या माणसाची झाली.

मराठी संगीत नाटकाने तिला घरोघरी नेलं. 'मानापमान'ला (1911) संगीत देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. पुढे 1940 मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सुमारे तीस वर्षं टिकली. पेटीवर मींड निघत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, तिचे सूर ठरावीक जागी जखडलेले असतात, हा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. पण त्या तीस वर्षांतही भजनाची पेटी बंद पडली नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांचा प्रश्न वेगळा होता आणि देवळात गाणाऱ्यांचा वेगळा.

एक फरक लक्षात ठेवू. पियानोवर दोन्ही हातांची बोटं सूर वाजवतात. पेटीवर उजवा हात सूर वाजवतो आणि डावा भाता चालवतो. डाव्या हाताचं काम सोपं दिसतं, पण ओळ संपायच्या आत हवा संपू न देणं आणि जोरकस शब्दावर हवा किंचित वाढवणं, यालाही वर्षं लागतात.

2. बोटांआधी कान

इकडच्या मुलाचं पेटीचं शिक्षण पेटीला हात लावण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. कार्तिकातला काकडा, सप्ताह, गौरी-गणपतीत घरोघरी होणारी भजनं, यांत ते आईच्या मांडीवर असल्यापासून बसलेलं असतं. चालता-बोलता यायला लागलं की त्याच्या हातात टाळ येतात. म्हणजे आधी ठेका अंगात जातो, मग चाल कानात बसते, आणि पट्ट्या सर्वांत शेवटी येतात. शिकवण्याचा हा क्रम कोणी ठरवून आखला नाही, पण माझ्या मते याहून चांगला क्रम आखता आला नसता.

याचं कारण मेंदूत आहे. ऐकण्याचं काम मेंदूच्या एका भागाकडे असतं, बोटं हलवण्याचं दुसऱ्याकडे. वाद्य शिकणं म्हणजे या दोहोंची जोडणी होणं. जर्मनीतल्या संशोधकांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कधीही पियानो न शिकलेल्या माणसांना त्यांनी पट्ट्यांवर ऐकलेले सूर वाजवायला लावलं. पहिल्या 20 मिनिटांच्या सरावानंतरच, नुसता सूर ऐकला तरी हात हलवणाऱ्या भागात हालचालीच्या खुणा दिसू लागल्या. वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यात ही जोडणी इतकी घट्ट होते की ओळखीची चाल कानावर पडताच बोटं मांडीवर हलू लागतात.

कान तयार असलेल्या मुलाला चूक कोणी दाखवावी लागत नाही. चुकीची पट्टी दाबली की त्यालाच ती खटकते. कानात चाल नसलेलं मूल मात्र कागदावरच्या खुणा बघून पट्ट्या दाबतं, आणि चूक कळण्यासाठी गुरुजींच्या तोंडाकडे पाहतं. पुस्तकातले अलंकार घोटून घेण्याआधी मुलाला चार अभंग तोंडपाठ म्हणता यायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं ते यामुळे.

3. हात नेमकं काय लक्षात ठेवतो?

बहुतेकांना वाटतं, वाजवणाऱ्याच्या लक्षात पट्ट्या राहतात. एक उदाहरण करून पाहू.

भूप रागाचे पाच सूर घेऊ: सा, रे, ग, प, ध. पांढरी एक हा षड्ज धरला तर पट्ट्या येतात पांढरी एक, दोन, तीन, पाच आणि सहा. सगळ्या पांढऱ्या. आता बुवांचा आवाज बसेना म्हणून त्यांनी काळी एक मागितली. तीच चाल आता काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच अशी पडते. चार काळ्या आणि एक पांढरी. आणि काळी तीनचा षड्ज धरला, तर काळी तीन, चार, पाच आणि वरच्या सप्तकातली काळी एक, काळी दोन. पाचही काळ्या!

चाल एकच, पण बोटाखालच्या पट्ट्या तिन्ही वेळा वेगळ्या. मग न बदललेलं काय? दोन सुरांमधलं अंतर. सा ते रे दोन घरं, रे ते ग दोन, ग ते प तीन, प ते ध दोन, आणि ध ते वरचा सा पुन्हा तीन. काळी-पांढरी मिळून ही घरं मोजून पाहा, कुठूनही सुरुवात केली तरी हिशेब तोच येईल. मुरलेल्या वादकाच्या हातात हा अंतरांचा हिशेब असतो.

भजनात तो रोज कामाला येतो. एका संध्याकाळी तीन बुवा गातात, तिघांची पट्टी वेगळी. लहानपणी अशा ठिकाणी साथीला बसलेला मुलगा पंधराव्या वर्षापर्यंत बहुतेक सगळ्या पट्ट्यांतून फिरलेला असतो. आजकाल मुलांना विजेवर चालणारा कीबोर्ड घेऊन देतात. त्यात एक बटण दाबलं की अख्खी पट्टी वरखाली सरकते आणि बोटं मात्र त्याच ओळखीच्या जागी राहतात. कार्यक्रमात अडचण आली तर ते बटण उपयोगाचं आहे. शिकताना मात्र ते झाकून ठेवावं. ज्या अंतरांवर पुढची साठ वर्षं उभी राहायची, तीच त्या बटणामुळे शिकायची राहून जातात.

4. विचार करायला वेळ नसतो

दुसरा छोटा हिशेब. गजर रंगात आला आणि लय मिनिटाला 120 मात्रांवर गेली असं धरू. म्हणजे एका मात्रेला अर्धा सेकंद. वादकाने मात्रेत चार सूर घेतले, तर सेकंदाला आठ सूर झाले. दोन सुरांमध्ये एक सेकंदाचा आठवा भाग, म्हणजे 0.125 सेकंद.

आता माणसाचा वेग पाहा. अचानक आवाज झाला आणि नुसतं बटण दाबायचं असेल, तरी चपळ माणसाला साधारण 0.15 सेकंद लागतात. अनेक पट्ट्यांतून एक निवडायची तर आणखी जास्त. म्हणजे एक सूर ऐकायचा, तो बरोबर आला का हे ठरवायचं आणि मग पुढच्या बोटाला सांगायचं, इतका वेळच नसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली याने 1951 मध्ये पियानोवादकांच्या बोटांचा वेग दाखवून हाच मुद्दा मांडला होता: एकेका हालचालीने पुढची हालचाल सुचत नसते, अख्खा तुकडा आधीच तयार असतो.

मुखडा सुरू करताना त्याच्या सगळ्या सुरांची आज्ञा एकदमच निघते. म्हणूनच मध्येच थांबवून "आत्ता कुठलं बोट होतं?" असं विचारलं, तर पट्टीच्या वादकालाही सांगता येत नाही. तो म्हणतो, "थांबा, पहिल्यापासून घेतो."

हे तुकडे बांधले जाताना बोटांची शिस्त महत्त्वाची. पांढरी एकवरून सप्तक चढताना सा अंगठ्याने, रे तर्जनीने, ग मधल्या बोटाने घ्यायचा. मग मधलं बोट 'ग'वर असतानाच अंगठा तळहाताखालून सरकवून 'म'वर न्यायचा, म्हणजे पुढचे चार सूर घ्यायला हात मोकळा होतो. पाहायला हे छोटंसं सरकणं आहे. पण ते न शिकलेला मुलगा दोन-तीन बोटांवर वाजवत राहतो, संथ अभंगात निभावतो आणि लय चढली की अडकतो. लहानपणची चांगली सवय जशी जन्मभर टिकते तशीच वाईटही टिकते. गावात ऐकून शिकणाऱ्या मुलाला निदान वर्षभर तरी जाणत्या गुरूपुढे बसवावं ते एवढ्यासाठी.

5. कितव्या वर्षी सुरुवात?

मेंदूतल्या संदेशवाहक तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढतं. ते जाड झालं की संदेश जलद आणि वेळेवर पोचतो. हे आवरण चढण्याचं काम लहानपणी जोरात चालतं आणि तारुण्यात हळूहळू मंदावतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2005 मध्ये पियानोवादकांचे मेंदू तपासले. लहानपणी ज्यांनी अधिक तास सराव केला होता, त्यांच्या मेंदूतल्या हालचालींशी निगडित तंतूंची बांधणी अधिक पक्की दिसली. आणि मोठेपणीच्या सरावापेक्षा लहानपणीच्या सरावाशी हे नातं अधिक ठिकाणी आढळलं.

त्याआधी 1995 मध्ये गॉटफ्रीड श्लाउग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा मोजला होता. सातव्या वर्षाआधी वाद्य सुरू केलेल्यांमध्ये त्याचा पुढचा भाग अधिक मोठा निघाला. यावर रास्त शंका अशी की त्या मुलांचे मेंदू जन्मतःच तसे असतील, आणि म्हणूनच ती वाद्याकडे वळली असतील. ती शंका बरीचशी दूर केली 2009 च्या एका अभ्यासाने. साधारण सहा वर्षांच्या काही मुलांना 15 महिने पट्टीवाद्य शिकवलं, काहींना नाही. सुरुवातीला दोन्ही गटांच्या मेंदूंत फरक नव्हता, शेवटी होता. शिकवणी किती होती? आठवड्याला अर्धा तास.

तेव्हा उत्तर असं: सहा ते नऊ हे वय फार चांगलं. त्याआधी टाळ आणि गाणं पुरे. तेव्हा हातही लहान असतो. रोज पंधरा-वीस मिनिटं बसवावं, रविवारी एकदम दोन तास नव्हे. बोटांच्या हालचालींची घडी झोपेत पक्की होते, रात्रीच्या झोपेनंतर तोच तुकडा अधिक सफाईने येतो, हेही प्रयोगांतून दिसलं आहे. रोज थोडं वाजवणाऱ्या मुलाला आठवड्यात सात रात्रींचा फायदा मिळतो.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी जातात, त्यांनी अभ्यासाला वळण लागतं. पण परीक्षा संपली की पेटी कपाटावर, असं अनेक घरांत होतं. परीक्षा दिलेल्या आणि भजनाला न बसलेल्या मुलापेक्षा भजनाला बसून परीक्षा न दिलेला मुलगा पन्नाशीतही वाजवताना दिसण्याची शक्यता मला अधिक वाटते, कारण त्याची पेटी दर आठवड्याला कोणालातरी हवी असते.

6. विसरणारे आजोबा

आता पहिला प्रश्न. आठवण ही एकच गोष्ट नाही. काल कोण आलं होतं, औषध घेतलं का, ही घटनांची आठवण. तिला मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग लागतो. सायकल, पोहणं, पेटी ही कृतींची आठवण. ती मुख्यतः लहान मेंदू आणि मेंदूच्या खोल भागातल्या पेशींच्या पुंजक्यांवर चालते. म्हातारपणी आणि स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला पहिल्या व्यवस्थेला आधी धक्का बसतो. दुसरी पुष्कळदा बरीच मागे टिकून राहते.

याचं ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडचे संगीतज्ञ क्लाइव्ह वेअरिंग. 1985 मध्ये विषाणूमुळे त्यांच्या मेंदूला सूज आली आणि हिप्पोकॅम्पस उद्ध्वस्त झाला. त्यानंतर नवी आठवण त्यांच्याकडे अर्धा मिनिटही टिकेना. पण पियानोपुढे बसले की ते वाजवत, आणि गायकवृंदाला दिशाही देऊ शकत. वाजवून झालं की वाजवल्याचंच आठवत नसे.

म्हणून घरच्यांनी एक काळजी घ्यावी. आजोबा पेटी उत्तम वाजवतात म्हणजे डोकं शाबूत आहे, असं समजून वाढत्या विसरण्याकडे काणाडोळा करू नये. दोन्ही व्यवस्था वेगळ्या आहेत. पेटी नीट वाजत असतानाही डॉक्टरांना दाखवण्याची गरज असू शकते.

7. सुटलेली पेटी परत धरताना

या भागातल्या घरांचा मुंबईशी संबंध पिढ्यान् पिढ्यांचा. शाळा संपली की मुलगा मुंबईला, आणि पेटी फक्त गणपतीत आणि शिमग्याला. कित्येकांची तेवढीही राहत नाही. चाळीस वर्षांनी काय उरतं?

हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून एक मोलाची गोष्ट दाखवली. पाठ केलेलं पूर्ण विसरल्यासारखं वाटलं, तरी ते पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. वाचलेला तो वेळ म्हणजेच शिल्लक राहिलेली आठवण. श्रावणात पोलादपूरच्या डोंगरात गवत कमरेएवढं वाढतं आणि पायवाट दिसेनाशी होते. पण पाय टाकला की खालची तुडवलेली माती टणक लागते. बोटांतली चाल अशीच असते.

साठीत परत बसणाऱ्याने नवी चाल घेऊ नये. लहानपणी शंभरदा वाजवलेला एखादा अभंग निवडावा, निम्म्या लयीत, डोळे मिटून. पहिल्या आठवड्यात बोटं अडखळतील, विशेषतः करंगळी आणि अनामिका. बोट नेमकं कुठे जावं याचा विचार केला की जास्त अडखळेल. चाल गुणगुणत वाजवली की मार्ग सापडतो, कारण कान आणि बोटांची ती जुनी जोडणी कानाकडूनच जागी होते. आणि ज्यांनी लहानपणी पेटी पाहिलीच नाही? त्यांनाही येते. वेळ जास्त लागतो, सफाई कमी येते, पण प्रौढ मेंदू शिकणं थांबवत नाही.

पेटीचंही पाहावं. चाळीस पावसाळे माळ्यावर काढलेल्या पेटीचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, पितळी पात्यांवर हिरवट गंज चढतो, भात्याच्या घड्या फाटतात. महाडच्या 22 जुलै 2021 च्या महापुरासारखं पाणी घरात शिरलं तर सांध्यांचा सरसच सुटतो. परत शिकणाऱ्याला वाटतं आपलीच बोटं जड झाली, आणि दोष निघतो पट्टीखालच्या स्प्रिंगचा. आधी कारागिराला दाखवावी.

8. ऐंशीनंतर

वय झालं की बोटांचा वेग घटतो, हे टळत नाही. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांनी 1976 मध्ये, 89व्या वर्षी, शेवटचा जाहीर कार्यक्रम केला. म्हातारपणी ते कसं निभावत? थोड्याच रचना निवडायच्या, त्यांचा सराव जास्त करायचा, आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम अधिक संथ घ्यायचा, म्हणजे पुढचा वेग आहे त्यापेक्षा जास्त भासतो. हे तिन्ही उपाय भजनाच्या पेटीला जसेच्या तसे लागू पडतात. फ्रान्सच्या कोलेत माझ बालपणी पियानोला बसल्या आणि शंभरी ओलांडल्यावरही ध्वनिमुद्रणं करत राहिल्या. 2023 मध्ये 109व्या वर्षी त्या गेल्या.

कानाचं काय? वयाबरोबर ऐकू कमी येतं ते आधी उंच आवाजांचं, साधारण सेकंदाला दोन-तीन हजार कंपनांच्या वरचं. स, श, त, क यांसारखी व्यंजनं ओळखायला तेच आवाज लागतात, म्हणून "काय म्हणालास?" सुरू होतं. पण मधल्या सप्तकातली काळी एक म्हणजे सेकंदाला सुमारे 277 कंपनं. पेटीचे बहुतेक मूळ सूर या खालच्या टापूत येतात, जिथे म्हातारा कान बराच काळ चांगला असतो. त्यामुळे बोललेलं न कळणाऱ्या माणसालाही बुवांचा स्वर किंचित उतरला तर चटकन कळतो.

त्याला अडचण येते ती टाळांची. वीस-पंचवीस टाळकरी जोरात असले की त्यांचा खणखणाट बाकी सगळं झाकून टाकतो, आणि वय झालेल्या कानाला गोंगाटातून एक आवाज वेगळा काढणं अवघड जातं. अशा वादकाला टाळकऱ्यांच्या रांगेपासून दोन हात दूर आणि गाणाऱ्या बुवांच्या तोंडासमोर बसवावं, म्हणजे त्याला ओठही दिसतात.